असईची लढाई टेबलावर मांडायची आहे: कोणता स्केल घ्यावा, आणि पावसाळ्यात प्रायमर का फसतो?

खेळणाकाठ

नमस्कार मंडळी,

२३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई (ईस्ट इंडिया कंपनीची फौज विरुद्ध शिंदे-भोसले) छोट्या शिपायांच्या मॉडेल्सनी टेबलावर उभी करायची आहे. टेबल ६ फूट बाय ४ फूट, याहून मोठं घरात मावत नाही. खेळणारे दोन ते चार जण, आणि डाव एका दुपारीत संपायला हवा.

हाताशी असलेलं सामान: नेपोलियनकाळातल्या ब्रिटिश पायदळाचा २८ मिमीचा (म्हणजे शिपायाची साधारण उंची) कडक प्लॅस्टिकचा एक डबा (२४ शिपाई) आणि १/७२ चे मऊ प्लॅस्टिकचे साधारण ५० शिपाई. दोन्ही एका टेबलावर शोभणार नाहीत हे दिसतंच आहे. पुढची खरेदी करण्याआधी स्केलचं एकदाचं ठरवायचं आहे. शंभराहून जास्त तोफा, सतरा पलटणी, वर हजारोंनी घोडदळ, हे सगळं ४ फुटांत कसं बसवायचं?

दुसरी अडचण रंगाची. मुक्काम रत्नागिरी, महिना ऑगस्ट. कॅनमधला काळा प्रायमर (रंगाआधीचा थर) मारला तर काही शिपायांवर पांढुरकी धूसर झाक आली, काहींवर बोटाला सँडपेपरसारखं लागतंय. १/७२ वाल्यांचा रंग तर संगिनी आणि बंदुकीवरून नखाने सोलला जातो. हे सगळं फुकट गेलं की वाचवता येईल?

तिसरी: लाल कोट. काळ्या प्रायमरवर लाल तीन हात दिले तरी मळकट दिसतो, उजळायला पांढरा मिसळला की गुलाबी होतो. आणि शिंद्यांच्या कंपूंतले (कवायती पलटणींच्या ब्रिगेडमधले) शिपाईही लाल कोटातले, कंपनीचेही लाल कोटातले. तीन फुटांवरून कोण कुणाचा ते कळायचं कसं?

शिसेपंडित

स्केल आवडीने ठरवू नका, टेबलाच्या रुंदीवरून काढा. असईला ते सोपं आहे, कारण रणांगणाला दोन्ही बाजूंनी नदीची कड आहे. दक्षिणेला खेळणा (इंग्रजी कागदांत कैटना), उत्तरेला जुई, आणि मधल्या पट्ट्यात मराठी फौजेने पूर्वेकडे तोंड करून फळी धरली तेव्हा ती साधारण एक मैलाची, म्हणजे १६०० मीटरची होती. तुमच्या टेबलाची ४ फुटांची बाजू १२०० मिमी. म्हणजे टेबलावरचा १ मिमी जमिनीवरचे सुमारे १.३ मीटर झाला.

आता पायदळ. एक बेस (शिपाई चिकटवायचा तुकडा) म्हणजे २५० माणसं धरा. दोन रांगांत उभ्या २५० माणसांच्या १२५ जोड्या. एका माणसाला ५५ सेंटिमीटर धरले तर फळी जेमतेम ७० मीटर, टेबलावर ५२ मिमी. ४० मिमी रुंदीचा बेस आणि शेजारी थोडी फट, हिशेब बसला. ४० मिमीत १५ मिमीचे चार शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहतात. २८ मिमीचे दोनच मावतात आणि पलटणीऐवजी बसथांब्यावरची रांग वाटते. चार उभे करायचे तर बेस ८० मिमीचा लागेल, म्हणजे टेबल ८ फूट रुंद. म्हणून १५ मिमी. ६ मिमीही चालेल, त्यात गर्दी जास्त खरी दिसते, पण तुम्हाला गणवेश रंगवायची हौस आहे असं प्रश्नावरून वाटतं, आणि ६ मिमीला गणवेश म्हणजे दोन ठिपके.

मोजदाद अशी. कंपनीच्या फौजेचा सेनापती वेलस्ली, त्याच्याकडे गोऱ्या दोन पलटणी, ७४ वी आणि ७८ वी, दोन्ही हायलँडर. मद्रासी सिपायांच्या पाच. प्रत्येकी २ बेस, म्हणजे १४, आणि पिकेटांचा (पहाऱ्यावरच्या तुकड्यांचा) १ वेगळा. तो वेगळा हवाच, सगळा घोटाळा त्यानेच केला. घोडदळाच्या नियमित रेजिमेंट चार: १९ वी लाइट ड्रॅगून्स, मद्रासच्या ४ थी, ५ वी आणि ७ वी. प्रत्येकी ४० बाय ४० मिमीचा १ बेस, त्यावर ३ स्वार. तोफांची २ मॉडेल्स पुरेत. बैल मारले गेल्यामुळे त्या तोफा मागेच राहिल्या.

समोर तीन कंपू. पोहलमनच्या (त्या दिवशी मराठी पायदळाचा सेनापती) ८ पलटणी, बेगम समरूच्या ५ (हुकूम सालूरचा), ड्युपाँच्या ४. नियमित पायदळ १०,८०० च्या आसपास धरतात. भागिले २५०, म्हणजे ४३ बेस. एका ओळीत ते १७२० मिमी होतात, टेबलाबाहेर जातात, म्हणून दोन फळ्या करा. पुढे २४, मागे १९. तोफांसाठी एक मॉडेल = ८ तोफा धरा आणि १२ मॉडेल्स पुढच्या फळीच्याही पुढे ठेवा. हेच या लढाईचं खरं रूप आहे. मराठी बाजूची ताकद घोड्यांत नव्हती, या तोफांच्या ओळीत होती. तीस हजारांवर घोडदळ होतं म्हणून शंभर स्वार रंगवायला बसू नका. त्यातल्या बहुतेकांनी लढाईत फारसा भाग घेतला नाही. मागच्या कडेला ८ बेस पुरे, धाक म्हणून.

एकूण पायदळ ५८ बेस, २३२ शिपाई. आठवड्याला १६ रंगवले तर साडेतीन महिने. हाताशी असलेले २८ मिमीवाले फेकू नका, त्यांची वेगळी चकमक करा: ७८ वीची एक कंपनी विरुद्ध दोन तोफा आणि त्यांचे गोलंदाज (क्रिकेटातले नव्हेत). ४ फूट बाय ४ फुटांत छान रंगते.

एक सूचना मॉडेल मागवताना. शिंद्यांच्या कंपूंसाठी "मराठा" नावाने मिळणारे शिपाई बघून घ्या. पुष्कळ संच सतराव्या शतकातल्या मावळ्यांच्या घाटाचे असतात, ढाल-तलवार घेतलेले. तुम्हाला हवेत चकमकीची (गारेच्या ठिणगीने उडणारी) बंदूक, संगीन आणि आडवे पट्टे असलेले कवायती शिपाई. ते न मिळाल्यास कंपनीचे सिपाई घेऊन डोकी आणि झेंडे बदलणं सोयीचं.

रंगाचा_डबा

प्रायमरचं सविस्तर सांगतो. तुमच्याकडे दोन वेगळे रोग आहेत आणि दोन्हींना एकच औषध चालत नाही.

पांढुरकी झाक, पण हाताला गुळगुळीत: ही दमट हवा. कॅनमधला द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते आणि त्यात अडकते. सँडपेपरसारखा खरखरीतपणा: इथे रंगाचे थेंब शिपायापर्यंत पोचायच्या आतच हवेत सुकले. कॅन लांब धरला, किंवा ऊन-वारा होता, किंवा कॅन नीट हलवला नव्हता.

झाकवाले वाचतात. प्रायमरच तर आहे, त्यावर ब्रशने पातळ काळ्या ॲक्रिलिकचा एक हात द्या, झाक निघून जाईल. (हीच झाक शेवटच्या मॅट वार्निशवर आली तर आधी चकचकीत वार्निशचा पातळ हात ब्रशने द्यायचा. धूसरपणा बहुतेक वेळा विरघळतो. पूर्ण सुकलं की वर ब्रशनेच मॅट.) खरखरीतवाल्यांवर काहीही चढवलं तरी खडे दिसतच राहणार. ते सोलून काढा.

सोलायला घरातलं डेटॉल चालतं, तेच औषधी तपकिरी. बरणीत न मिसळता ओता, शिपाई बुडवा, १२ ते २४ तास ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. आता महत्त्वाचं: लगेच नळाखाली धरू नका. डेटॉलने सुटलेल्या रंगाला पाणी लागलं की त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो आणि खाचांत जाऊन बसतो. आधी डेटॉलमध्येच घासून रंग काढायचा, स्वच्छ डेटॉलमध्ये एकदा खळबळायचं आणि मगच साबणपाणी. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. वास घरभर दोन दिवस राहतो, त्याला इलाज नाही. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोलही चालतं आणि काम तासाभरात होतं, फक्त ज्योतीपासून लांब. ॲसिटोन मात्र कडक प्लॅस्टिकला लावू नका, शिपायाचं मेण होईल. धातूच्या शिपायांना ॲसिटोनने काही होत नाही.

आता मऊ प्लॅस्टिक. १/७२ चे बहुतेक शिपाई पॉलिथिनचे, आणि पॉलिथिनला कशाचीच नीट पकड बसत नाही. वर साच्यातून सुटावे म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य असतं. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून दहा मिनिटं भिजवा, टूथब्रशने घासा, नीट वाळवा. मग फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पातळ थर द्या. फेविकॉल सुकल्यावरही लवचिक राहतो, म्हणून संगीन वाकली तरी तडकत नाही. त्यावर ॲक्रिलिक. शेवटी ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ थर. इतकं करूनही शिपाई हाताने धरून खेळलात तर टोकं उघडी पडणारच, म्हणून बेसलाच हात लावायची सवय लावा.

कोकणात जून ते सप्टेंबर कॅन विसरा. ब्रशने लावायचा पाण्यातला पॉलियुरेथेन प्रायमर घ्या. तो पातळ करायचा नाही, बाटलीतून थेट दोन पातळ थर, मधे किमान तास दोन तास. लावताना ओघळ येतात, सुकताना आक्रसून खाचा मोकळ्या होतात, घाबरू नका. पण पुरा कडक व्हायला २४ तास लागतात, दमट हवेत ३६ धरा. त्याआधी नखाने तपासलंत तर रबरासारखा पापुद्रा निघेल आणि प्रायमर खराब आहे असं वाटेल.

कॅनच वापरायचा हट्ट असेल तर आर्द्रतामापक विकत घ्या. ६५ टक्क्यांच्या आत असेल तरच. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं (कढत नाही, गॅसवर तर मुळीच नाही), मग दोन मिनिटं जोरात हलवा, २० ते २५ सेंटिमीटरवरून, शिपायाच्या बाहेर फवारा सुरू करून बाहेरच थांबवा. सुकायला एसीच्या खोलीत ड्राय मोडवर. फवारणी मात्र बाहेरच, त्या वाफा फुप्फुसांना वाईट.

एअरब्रश असेल तर पाण्यातला प्रायमर, ०.४ किंवा ०.५ ची सुई, २० ते २५ पीएसआय. कॉम्प्रेसरला पाणी धरणारा फिल्टर नसेल तर पावसाळ्यात मधूनच पाण्याचा थेंब थुंकतो.

गडदनिळा

वरच्या प्रतिसादात थोडी भर. कोणी रेझिनमध्ये प्रिंट करून १५ मिमी काढणार असेल तर: रंग सुटण्याचं कारण बहुतेक वेळा अर्धवट धुतलेलं रेझिन असतं. अल्कोहोलच्या दोन भांड्यांत पाळीपाळीने प्रत्येकी तीन-चार मिनिटं, पूर्ण वाळवून मगच यूव्ही दिव्याखाली. ओलं असतानाच यूव्ही दिलं तर पांढरे डाग पडतात. या स्केलला ०.०३ मिमीचा थर घ्या, ०.०५ ला चेहऱ्यावर पायऱ्या दिसतात. आणि संगिनी मुद्दाम जाड करा, नाहीतर डब्यातून काढतानाच निम्म्या मोडतील.

जरीकाठ

लाल कोटाकडे येऊ. लाल रंगद्रव्यं मुळात अर्धपारदर्शक असतात. खालचा काळा त्यातून डोकावतो म्हणून मळकट, आणि पांढऱ्यावर द्यावा तर पट्टेपट्टे पडतात. उपाय तळाच्या रंगात आहे. प्रायमरवर आधी लालसर तपकिरी द्या, विटकरीपेक्षा गडद, महोगनीसारखा. त्यावर मध्यम लाल, पण खाचांत, काखेत, पट्ट्यांच्या कडेला तपकिरी उघडा ठेवून. मग त्याच लालमध्ये थोडा नारिंगी घालून खांदा, कोपर आणि कोटाच्या कडेवर एक रेघ. पांढरा घालायचाच नाही, तुम्ही म्हणता तो गुलाबीपणा त्यातूनच येतो. १५ मिमीला एवढ्या तीन पायऱ्या पुरतात. उलट फरक जरा भडक ठेवा. हातात धरल्यावर विचित्र वाटेल, तीन फुटांवरून बरोबर दिसेल.

दोन थेंब रंगाला एक थेंब पाणी, साधारण दुधाइतका पातळ. विद्यार्थ्यांसाठीचे ट्यूबमधले ॲक्रिलिक बेस आणि जमिनीला वापरा, कोटाला नको. त्यांत भर जास्त आणि रंगद्रव्य जाड, पातळ केले की झिरझिरीत होतात आणि जाड ठेवले की चेहरा बुजतो. मिनिएचरच्या रंगाची १७ मिलीची एक बाटली तुमच्या सगळ्या कोटांना पुरून उरेल, तिथे काटकसर करण्यासारखं काही नाही.

ओली पॅलेट करा: झाकणाचा पसरट डबा, तळाला ओला स्पंज किंवा किचन टिश्यूचे चार पदर, वर बेकिंगचा बटर पेपर. मेणकागद नको, त्यातून पाणी वर येत नाही. उकळून गार केलेलं पाणी वापरा आणि तिसऱ्या दिवशी टिश्यू बदला. कोकणात हे टाळलं तर डबा उघडल्यावर आधी बुरशीचा वास येतो.

शिपाई एकेक रंगवू नका. आइसक्रीमच्या काडीवर आठ-आठ चिकटवा (फेविकॉलचा एक ठिपका, नंतर सहज निघतात), दोन शिपायांत बोटभर अंतर, आणि एका बैठकीत सगळ्यांना एकच रंग. क्रम आतून बाहेर: कातडी, चड्डी, कोट, मग पट्टे, बंदूक, शेवटी पागोटं. पट्ट्यांना थेट पांढरा देऊ नका. आधी फिकट राखाडी पूर्ण लांबीला, मग छातीच्या उंचवट्यावर फक्त पांढरा. पांढरा पाण्याने पातळ केला की खडूसारखा फुटतो, त्याला मीडियम (रंग पातळ करायचं ॲक्रिलिक द्रव) घाला.

कातडीचा रंग हा इथला हमखास चुकणारा मुद्दा. बाटलीवर "फ्लेश" लिहिलेला रंग गोऱ्यांसाठी आहे. मद्रासी सिपायाला गडद तपकिरी तळ, मग दोन भाग गडद तपकिरीला एक भाग नारिंगीकडे झुकणारा तपकिरी, आणि नाक, गालाचं हाड, बोटांच्या पेरांवर त्यातच थोडा तांबूस पिवळा. राखाडी किंवा काळा मिसळू नका, माणूस आजारी दिसतो. सिपायांची चड्डी आखूड पांढरी, म्हणजे मांडीपासून खाली पाय उघडे, तेव्हा कातडीचं काम तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. सगळ्यांना एकच छटा नको. चार वेगळी मिश्रणं करून फिरवत राहा, पलटण जिवंत होते.

गोऱ्या पलटणींत फरक कॉलर आणि बाहीच्या पट्टीचा: ७४ वीची पट्टी पांढरी, ७८ वीची बफ, म्हणजे फिकट पिवळसर चामड्याचा रंग. या स्केलला एक-एक ठिपका.

आणि दोन्ही लाल फौजा ओळखायच्या कशा? गणवेशात फार शोधू नका. शिंद्यांचा युरोपियन सेनापती दि ब्वान्य याने ते कंपू कंपनीच्या धर्तीवरच उभे केले होते, सारखेपणा ओघाने आलाच. झेंड्यांनी ओळखा. दि ब्वान्य युरोपातल्या सॅव्हॉय प्रांताचा, त्याच्या कंपूंचं निशाण सॅव्हॉयचा पांढरा क्रूस. झेंडा साध्या कागदावर छापा, मागून-पुढून फेविकॉल लावून काठीभोवती दुमडा आणि ओला असतानाच पेन्सिलीवर वळवून लाट द्या. कागदाची पांढरी कड त्याच रंगाने पुसून घ्या.

भगव्याच्या भरवशावर मात्र राहू नका. पेशव्यांचं घोडदळ त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूला होतं, म्हैसूरच्या स्वारांबरोबर. म्हणजे मराठी स्वार टेबलाच्या दोन्ही अंगांना. यावर सगळ्यात साधा उपाय बेसच्या कडेचा: कंपनीकडच्या सगळ्या बेसना काळी कड, शिंदे-भोसल्यांकडच्यांना गडद तपकिरी. शुद्धतावादी नाकं मुरडतील, पण डाव अडत नाही.

खेळणाकाठ

धन्यवाद, १५ मिमी पक्कं. डेटॉलची बरणी भरली आहे. जमीन आणि नद्या कशा कराव्यात? थर्माकोलवर नदी कोरून हिरवा स्प्रे मारायचा विचार आहे.

रंगाचा_डबा

थांबा! कॅनमधल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो, नदीऐवजी ज्वालामुखी मिळेल. थर्माकोलला आधी फेविकॉल आणि पोस्टर कलरचा जाड हात, तोही ब्रशने, एकही भोक न ठेवता. शक्य असेल तर निळा किंवा गुलाबी इन्सुलेशन बोर्ड शोधा. त्याचे दाणे सुटत नाहीत आणि कटरने काठ स्वच्छ कापले जातात. पण स्प्रे त्यालाही चालत नाही.

नद्यांचे काठ उंच आणि कापलेले दाखवा, विशेषतः जुईचे. तोफा आणि घोडे कुठेही उतरू शकले असते तर ही लढाई अशी झालीच नसती. ब्रिटिशांच्या कामाचा उतार (नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा) एकच, पूर्वेला, पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं खेळणेच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत तिथे. वेलस्लीने उताराचा अंदाज बांधला तो या गावांवरूनच: समोरासमोर दोन गावं आहेत म्हणजे मधे ये-जा असणारच. असई टेबलाच्या उत्तर कडेला, जुईला लागून, भोवती मातीची भिंत. जाड पुठ्ठ्यावर एम-सीलचा पातळ थर आणि ओला असतानाच बोटाने ओरखडे, भिंत तयार.

जालन्याकडची जमीन काळी, आणि सप्टेंबर अखेर म्हणजे पाऊस नुकता सरतोय. वाळवंटी पिवळा बेस इथे चूक. वाळू चहाच्या गाळणीने चाळून घ्या, बेसवर फेविकॉल, वाळूत बुडवा, रात्रभर ठेवा. रंग काळपट तपकिरी, त्यावर राखाडी तपकिरीचा ड्रायब्रश: ब्रश टिश्यूवर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि उंचवट्यांवरून अलगद फिरवायचा. मग २ मिमीच्या कृत्रिम गवताचे हिरवे पुंजके, निम्म्याच भागावर. दिवाळीच्या किल्ल्यावर मोहरी पेरतो तसं सगळं हिरवंगार केलं तर शिपाई हरवतात. ज्वारी-बाजरीच्या शेतासाठी नारळाच्या काथ्याचे तुकडे हिरवे रंगवून उभे चिकटवा.

फेविकॉल सुकायच्या आत डबा बंद केला तर कोकणात गवताला बुरशी धरते. दोन दिवस पंख्याखाली उघडं ठेवा.

दोन_फासे

शिपाई आणि जमीन झाली, आता डाव. मी ब्लॅक पावडर या युद्धखेळाच्या नियमांवर बोलतोय, कारण चार जणांत एका दुपारी संपतो. त्यात सेनापतीला एक आकडा असतो आणि हुकुमासाठी दोन फाशांची बेरीज त्या आकड्याइतकी किंवा कमी यावी लागते. वेलस्लीला ९ द्या: ३६ पैकी ३० वेळा हुकूम पोचतो. पोहलमनला ८ (३६ पैकी २६), सालूर आणि ड्युपाँला ७ (३६ पैकी २१). बेरीज आकड्याहून तीन किंवा जास्त खाली आली तर पलटण एका पाळीत तीन चाली चालते. वेलस्लीला हे ३६ पैकी १५ वेळा मिळतं. त्याची त्या दिवशीची चपळाई एवढ्यानेच येते, वेगळा बोनस नको.

पोहलमनचा ८ हा उपकार म्हणून नाही. दक्षिणेकडे तोंड असलेली फळी शत्रूसमोर काटकोनात फिरवून पूर्वेकडे करणं हे कवायती सैन्याचंच काम. डाव त्या वळणापासून सुरू करा: मराठी फळी खेळणेच्या काठाने, ब्रिटिश नुकते उतार ओलांडून आलेले, आणि पहिल्या दोन पाळ्या कोण आधी आपली रांग लावतो यावर जातात.

तीन घरगुती नियम जरूर घ्या. पहिला, पिकेट. त्यांचा अधिकारी ऑरॉक उजवीकडे जास्तच सरकला, थेट असईच्या तोफांसमोर, आणि ७४ वी त्याच्यामागे गेली. म्हणून पहिल्या दोन पाळ्यांत पिकेटच्या बेसला एक फासा: १ ते ३ आला तर हुकूम काहीही असो, अर्धी चाल असईकडे तिरकी, आणि ७४ वीने मागून जायचंच. ब्रिटिश खेळाडू वैतागतो. मॅक्सवेलचं (ब्रिटिश घोडदळाचा प्रमुख) घोडदळ नेमकं कुठे उभं ठेवायचं हे त्याला आपोआप समजतं.

दुसरा, मेलेले गोलंदाज. ब्रिटिश फळी तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून मागून मारा केला. तेव्हा काबीज झालेली तोफ टेबलावरून उचलू नका, आडवी करा. प्रत्येक मराठी पाळीत, ६ इंचांत ब्रिटिश बेस नसेल तर फासा टाका; ५ किंवा ६ ला तोफ उभी, आणि पहिला बार पाठीवर. ब्रिटिश बाजूला मग काहीतरी मागे ठेवावं लागतं. वेलस्लीला त्यासाठी ७८ वी आणि ७ वी मद्रास नेटिव्ह कॅव्हलरी परत वळवावी लागली.

तिसरा नियम जिंकण्याचा. कंपनीचं नुकसान ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. हाती आलेल्या तोफा ९८. तुमची १२ मॉडेल्स गुणिले ८ म्हणजे ९६, आकडा आयता जुळतोय. ब्रिटिशांनी किमान १० मॉडेल्स घेतली तर विजय, पण नियमित पायदळाचे १५ पैकी ६ हून जास्त बेस गेले तर घेतलेल्या तोफा धरूनही डाव बरोबरीत.

खेळणाकाठ

पिकेटचा नियम झकास. शेवटचं: हे सगळं ठेवायचं कशात? प्लायचं कपाट आहे, आणि बेसखाली चुंबक लावायचा विचार आहे.

शिसेपंडित

शिपाई शिशाचं प्रमाण जास्त असलेल्या जुन्या मिश्रधातूचे असतील तर बंद लाकडी कपाट टाळा. लाकूड, प्लाय आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ सुटत राहते, दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते आणि धातू आतून पोखरला जातो. तशी भुकटी दिसली तर फुंकू नका, ती विषारी आहे. ओल्या फडक्याने पुसून तो शिपाई वेगळा ठेवा. शिसं नसलेल्या धातूला आणि प्लॅस्टिकला हा त्रास नाही.

झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाला जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, बेसखाली चुंबकाची रबरी पट्टी आणि कोपऱ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. उलटं करू नका, म्हणजे बेसखाली लोखंडी वॉशर आणि डब्यात चुंबक. तुमच्याकडच्या हवेत वॉशर वर्षभरात गंजतात आणि गंज फेविकॉलमधून वर चढून गवत तांबडं करतो. चुंबकाची पट्टी बेसपेक्षा १ मिमी आत कापा, नाहीतर फळी जुळवताना बेस एकमेकांना ढकलतात.